लस आणि पोटातील जंत

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र-परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पटनोंदणी, गळती आणि अध्यापनाच्या पद्धती यांवर विचारविनिमय चालू असता माझ्यासारख्या आरोग्य खात्यातील माणसाने मध्येच उभे राहून पोटातील जंतांविषयी बोलावे, हे आपणांस काहीसे विजोड वाटण्याचा संभव आहे. तथापि आजचा विषय मी होऊन निवडलेला नाही. आपल्यापैकीच एका गुरुजींनी मला जो प्रश्न विचारला, त्यातून तो निघाला आहे. म्हणून प्रथम तो प्रश्नच आपल्यापुढे ठेवतो.

त्यांच्या शाळेशेजारच्या वस्तीत गोवराची साथ आली होती. अंगणवाडीत जाणाऱ्या एका मुलीला गोवर निघाला. तिचे वडील शाळेच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही सांगितलंत म्हणून पोरीला सुई टोचून घेतली. तरी गोवर आलाच. मग टोचून उपयोग काय झाला?" गुरुजींना उत्तर सुचले नाही. ते मला म्हणाले, "त्या दिवशी मी गप्प राहिलो, आणि माझे गप्प राहणे हेच सबंध वस्तीला उत्तर वाटले." पुढच्या लसीकरणाच्या दिवशी त्या वस्तीतील चार आया मुलांना घेऊन शेतावर निघून गेल्या.

त्या पित्याचा प्रश्न अडाणीपणाचा खचितच नव्हता. एकच लस, एकाच मापाने, एकाच वयाच्या दोन मुलांना टोचली असता एकाच्या ठिकाणी तिचा प्रभाव पुरता उतरतो आणि दुसऱ्याच्या ठिकाणी तो अपुरा राहतो, असे का व्हावे, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही अनेक दशके पडलेला आहे. त्याची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एका कारणाचा संबंध आपल्या शाळेच्या अंगणातील मातीशी, मुलांच्या अनवाणी पायांशी आणि शाळेतील पाण्याच्या नळाशी येतो. यास्तव त्या कारणाचा विचार शिक्षकांनी करणे अगत्याचे आहे.

लसीचा आणि आपल्या प्रांताचा संबंध जुना आहे. १४ जून १८०२ या दिवशी मुंबईत अ‍ॅना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. हिंदुस्थानात यशस्वी रीतीने टोचलेली ती पहिली लस होय. पुढे मुंबईत प्लेगने थैमान घातले असता वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगवरील लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. आपल्या शाळांतील मुलांना देवीचे व्रण ठाऊक नाहीत, ही लसीचीच पुण्याई आहे. हे प्रारंभीच सांगण्याचे कारण असे की, पुढे मी लसीच्या उणेपणाविषयी बोलणार आहे, आणि तेवढेच वाक्य उचलून कोणी घरी नेऊ नये अशी माझी इच्छा आहे.

लस म्हणजे वस्तुतः काय, हे शिक्षकांना समजावून सांगणे सोपे आहे. लस हे शरीराला दिलेले चिलखत नसून तो शरीराला दिलेला एक धडा आहे. रोगजंतूचा निरुपद्रवी केलेला अंश, अथवा त्याचे दुबळे केलेले रूप, शरीरापुढे ठेवले जाते. शरीरातील पांढऱ्या पेशी तो पाहतात, ओळखतात आणि स्मरणात ठेवतात. पुढे खरा रोगजंतू आला म्हणजे त्या स्मरणाच्या बळावर प्रतिपिंडे नावाची द्रव्ये वेगाने तयार होतात आणि मारेकरी पेशी कामाला लागतात. याचाच अर्थ असा की, निम्मे काम लस करते आणि निम्मे काम शरीर करते. आपण वर्गात चाळीस मुलांना एकच धडा शिकविता. परंतु उपाशी आलेले मूल, तापाने कण्हणारे मूल आणि पोट भरून आलेले निरोगी मूल यांच्या पदरी तो सारखा पडत नाही. त्यात धड्याचा दोष नसतो, आणि पुष्कळदा मुलाचाही नसतो.

एकाच लसीचा प्रभाव स्थलपरत्वे कसा बदलतो, याचे आपल्या देशातील एक ठळक उदाहरण आहे. तोंडावाटे द्यावयाच्या पोलिओच्या लसीचा अभ्यास करून २००६ साली काही संशोधकांनी असे दाखवून दिले की, तीन प्रकारच्या विषाणूंवरील संयुक्त लसीच्या एका डोसाने पहिल्या प्रकारच्या पोलिओपासून मिळणारे संरक्षण उत्तर प्रदेशात अवघे शेकडा ९ होते, तर देशाच्या उर्वरित भागात ते शेकडा २१ होते. बाटली तीच आणि थेंबही तेच. परंतु दाट वस्ती, वारंवार होणारे जुलाब आणि आतड्यांतील इतर विषाणूंची गर्दी यांमुळे लसीला शरीरात पाय रोवावयास जागा मिळत नव्हती. यावर उपाय काय केला? लस टाकून दिली नाही. अधिक प्रभावी लस आणली, डोस वाढविले, घरोघरी फेऱ्या काढल्या. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात रानटी विषाणूने झालेल्या पोलिओचा देशातील शेवटचा रोगी आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. शरीराची परिस्थिती प्रतिकूल असली तर लसीला अधिक कष्ट पडतात, पण तिचा पराभव होतोच असे नाही, ही गोष्ट या उदाहरणावरून ध्यानी ठेवावी.

आता जंतांकडे वळू. आंब्याच्या फांदीवर वाढणारे बांडगूळ आपण सर्वांनी पाहिले आहे. ते झाडाला एकदम मारीत नाही. कारण झाड मेले तर तेही मरते. झाडाचा रस शोषीत ते वर्षानुवर्षे जगते. माणसाच्या शरीरात राहणारे परोपजीवी जीव याच जातीचे असतात. त्यांचे दोन मोठे गट पडतात. एक सूक्ष्म, एकपेशीय जीवांचा. हिवतापाचा जीव त्यांत येतो. दुसरा डोळ्यांना दिसणाऱ्या कृमींचा. गोल जंत, चाबकाच्या आकाराचे जंत, अंकुशकृमी आणि हत्तीरोगाचे कृमी हे सर्व त्यांत येतात. मातीतून पसरणाऱ्या जंतांची बाधा जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्याकडेही जंत हे घरोघरचे दुखणे आहे; फरक एवढाच की, त्याला दुखणे म्हणावयाची आपली तयारी नसते.

गोल जंताची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ती विष्ठेवाटे बाहेर पडतात, ओलसर मातीत काही आठवडे राहून परिपक्व होतात, आणि न धुतलेल्या हातांनी, न धुतलेल्या काकडी-गाजरांनी पुन्हा मुलाच्या पोटात जातात. अंकुशकृमीची तऱ्हा निराळी. त्याच्या अळ्या मातीत वाट पाहत असतात आणि अनवाणी पायांच्या कातडीतून सरळ आत शिरतात. पुढे तो आतड्याला चिकटून रक्त पितो, आणि मूल फिकट व मलूल दिसू लागते. शिक्षकाला ते आळशी वाटते. वस्तुतः ते पंडुरोगी झालेले असते. येथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हे जंत पोटातल्या पोटात आपली संख्या वाढवीत नाहीत. पोटात जितके जंत आहेत, तितके सर्व एक एक करून बाहेरून आत गेलेले असतात. म्हणून जंतांची संख्या ही मुलाच्या भोवतालच्या मातीची गुणपत्रिकाच होय.

हे जंत लसीच्या कार्यात व्यत्यय कसा आणतात, ते आता पाहू. शरीराच्या रक्षणव्यवस्थेत सहायक टी-पेशी नावाच्या पेशी असतात. कोणत्या शत्रूशी कोणत्या रीतीने लढावे, याचा आदेश त्या देतात. १९८६ साली उंदरांवरील संशोधनातून असे दिसून आले की, या पेशींत दोन निरनिराळे गट असतात. क्षयासारखे जे रोगजंतू पेशींच्या आत लपून बसतात, त्यांच्याविरुद्ध पहिला गट कामास येतो. कृमींसारख्या मोठ्या शत्रूंना हुसकावण्याचे काम मुख्यतः दुसऱ्या गटाकडे असते. जंत पोटात ठाण मांडून बसले म्हणजे शरीराचा कल दुसऱ्या गटाकडे झुकतो आणि पहिला गट मागे पडतो. याखेरीज आणखी एक गोष्ट घडते. वर्षानुवर्षे टिकणारा जंत हा मोठा धूर्त बिऱ्हाडकरू असतो. रक्षणव्यवस्थेला शांत करणाऱ्या नियामक पेशी आणि त्यांनी सोडलेली द्रव्ये यांचे प्रमाण तो वाढवितो, जेणेकरून घरमालकाने त्याला हाकलू नये. परंतु पहारेकऱ्याला त्याच्यासाठी आलेली ही गुंगी त्याच्यापुरतीच मर्यादित राहत नाही. त्याच वेळी लसीचा धडा आला, तर तोही अर्धवट गुंगीत ऐकला जातो.

ही केवळ कल्पना आहे, असे कोणी म्हणू नये. हिवतापासंबंधीचा पुरावा तर साठ वर्षांहून जुना आहे. १९६२ साली पश्चिम आफ्रिकेतील गांबिया या देशातील मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. धनुर्वाताची लस टोचल्यानंतर हिवतापापासून सुरक्षित ठेवलेल्या मुलांपेक्षा हिवतापग्रस्त मुलांच्या रक्तात कमी प्रतिपिंडे तयार झाल्याचे त्यात दिसून आले. पुढे १९७२ साली नायजेरियातही हिवतापाने आजारी असलेल्या मुलांत धनुर्वाताच्या लसीला मिळणारा प्रतिसाद मंदावल्याचे आढळले. आपल्या राज्यात गडचिरोलीसारख्या वनप्रदेशात काम करणाऱ्या शिक्षकांनी या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे.

जंतांविषयीचे संशोधन यानंतरचे आहे. इथिओपियात जंतांची बाधा असलेल्या व्यक्तींचे दोन गट करण्यात आले. एका गटाला अल्बेन्डाझोल हे जंतनाशक औषध दिले आणि दुसऱ्याला दिसावयास तशीच पण औषधहीन गोळी दिली. त्यानंतर दोन्ही गटांतील व्यक्तींना बी.सी.जी. ही क्षयप्रतिबंधक लस टोचली. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, ज्यांचे जंत काढले होते त्यांच्या पेशींनी क्षयजंतूच्या अंशांना अधिक जोरकस प्रतिसाद दिला. दक्षिण अमेरिकेतील एक्वादोर या देशात गोल जंतांची बाधा असलेल्या मुलांवर अशाच रीतीने प्रयोग झाला. त्यात तोंडावाटे द्यावयाची पटकीची लस वापरली होती. ज्या मुलांना आधी जंतनाशक औषध दिले, त्यांच्या रक्तात पटकीविरोधी प्रतिपिंडे अधिक चांगली तयार झाली, असे २००० साली प्रसिद्ध झाले. आणि २०१९ साली उंदरांवर केलेल्या एका प्रयोगात तर असे आढळले की, कृमींच्या बाधेमुळे इन्फ्लुएन्झाची लस दुबळी ठरते, आणि कृमी नाहीसे झाल्यानंतरही हा परिणाम काही काळ टिकून राहतो. उंदीर आणि मूल यांत अंतर आहे हे खरे. परंतु बाधा झाल्यावर औषध देण्यापेक्षा बाधा होऊच न देणे श्रेयस्कर, असा इशारा त्यातून मिळतो. अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० साली घेण्यात आला. त्याचा निष्कर्ष असा की, लस टोचतेवेळी परोपजीवी बाधा असल्यास एकंदरीत लसीचा प्रतिसाद कमी होतो, आणि दीर्घकाळ राहणाऱ्या कृमींच्या बाबतीत हे विशेष जाणवते.

येथवर ऐकून आपणांपैकी काहींच्या मनात असे आले असेल की, उत्तर सापडले, उद्या त्या पित्याला सांगावे की, "तुमच्या मुलीच्या पोटात जंत होते, म्हणून लस फुकट गेली." बंधुभगिनींनो, असे उत्तर देण्याचा मोह आपण आवरला पाहिजे. अर्धे सत्य घाईने सांगितले म्हणजे त्याचे असत्य होते. म्हणून नाण्याची दुसरी बाजूही आपल्यापुढे ठेवणे माझे कर्तव्य आहे.

युगांडा देशात २५०७ गर्भवती स्त्रियांवर एक मोठा आणि काटेकोर प्रयोग झाला. गरोदरपणी मातेचे जंत काढले असता बाळाला लसींचा लाभ अधिक होईल काय, हे त्यात पाहावयाचे होते. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: बी.सी.जी., धनुर्वात आणि गोवर या तिन्ही लसींच्या बाबतीत बाळांच्या प्रतिसादात एकंदरीत काहीच फरक पडला नाही. म्हणजे जंतांचा परिणाम सर्व लसींवर, सर्व वयांत आणि सर्व ठिकाणी सारखा होतो, असे मुळीच नाही. जो परिणाम होतो, त्यातही पुष्कळदा रक्तातील प्रतिसाद थोडा उणावतो. त्यामुळे मूल रोगाला बळी पडेलच असे सिद्ध होत नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातील. आजच्या तमिळनाडूतील चिंगलपुट भागात १९६८ साली बी.सी.जी. लसीची जगातील एक सर्वांत मोठी चाचणी सुरू झाली. इंग्लंडमधील शाळकरी मुलांत या लसीने क्षयापासून तीन-चतुर्थांशांहून अधिक संरक्षण दिले होते. चिंगलपुटमध्ये मात्र प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण मिळाल्याचे आढळले नाही. सारे जग या निष्कर्षाने चकित झाले. उष्ण प्रदेशातील मातीत व पाण्यात राहणाऱ्या, क्षयजंतूच्या जातीच्या इतर सूक्ष्मजंतूंशी तेथील लोकांचा आधीच संबंध आलेला असतो, हे त्याचे प्रमुख स्पष्टीकरण मानले जाते. जंतांचाही त्यात वाटा असावा, असे काही शास्त्रज्ञांचे अनुमान आहे; पण ते अनुमानच आहे. तरीही बी.सी.जी. आपण नवजात बालकांना देतच आहोत, आणि ते योग्यच आहे. कारण लहान मुलांना क्षयामुळे होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या भयंकर रोगापासून ती लस वाचविते. एका बाबतीत उणी पडलेली वस्तू दुसऱ्या बाबतीत प्राण वाचवू शकते, हा विवेक शास्त्राने सोडला नाही. आपणही तो सोडता कामा नये.

तर मग त्या पित्याला काय सांगावे? प्रथम मुलीचे लसीकरणाचे कार्ड पाहावे. मी आणि त्या गुरुजींनी ते पाहिले. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर दिला होता. दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाचा असतो. त्या वेळी हे कुटुंब ऊसतोडणीला गेले होते, आणि तो राहूनच गेला. नवव्या महिन्यात दिलेल्या एका डोसाने शंभरांतील सुमारे पंच्याऐंशी मुलांना संरक्षण मिळते. उरलेल्या पंधरांसाठीच दुसरा डोस असतो. ती मुलगी बहुधा त्या पंधरांतील एक होती. तिच्या बाबतीत जंतांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण नव्हते. हे स्पष्टीकरण साधे होते, आणि ते त्या दिवशी दारातच देता आले असते. म्हणून आपणांस माझी पहिली विनंती अशी की, कोणी "लस फुकट गेली" म्हणाले तर आधी कार्ड मागावे आणि मग बोलावे.

परंतु त्या मुलीच्या पायांत चप्पल नव्हती, नखांत माती होती आणि तिच्या वस्तीत शौचकूप नावापुरतेच होते, हेही आम्ही पाहिले. शेतकऱ्याला वाफसा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. बी कितीही उत्तम आणले तरी जमिनीला वाफसा नसेल तर ते पुरते उगवत नाही. बालकाचे शरीर ही जमीन आहे आणि लस हे बी आहे, असे त्या पित्याला सांगितले तर त्याला ते तत्काळ पटेल. मात्र या उपमेची मर्यादा आपण स्वतः ओळखून असले पाहिजे. शेतकरी वाफशासाठी चार दिवस पेरणी लांबवितो. लस अशी लांबविता येत नाही. कारण रोग वाफशाची वाट पाहत नाही. "आधी जंत जाऊ देत, मग टोचू," असे कोणी म्हणू लागले, तर आजच्या भाषणाने हिताऐवजी अहितच केले असे होईल. लस ठरलेल्या दिवशीच दिली पाहिजे, आणि जमिनीची मशागत तिच्या बरोबरीने बारा महिने चालली पाहिजे. शाळेच्या हातात जे आहे, ते या मशागतीचेच काम आहे.

या मशागतीपैकी चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट राष्ट्रीय जंतनाशक दिनाची. २०१५ सालापासून देशात एक ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींना अंगणवाड्यांतून व शाळांतून अल्बेन्डाझोलची गोळी देण्यात येते. दोन वर्षांवरील बालकास ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी, आणि एक ते दोन वर्षांच्या बालकास निम्मी. ही गोळी गिळावयाची नसून शिक्षकांच्या डोळ्यांदेखत चावून खावयाची असते. हातात गोळी देऊन नोंदवहीत खूण केली की काम संपले, असे समजू नये. घरी नेलेली गोळी बहुधा दप्तराच्या तळाशीच राहते. आजारी असलेल्या मुलाला त्या दिवशी गोळी देऊ नये. ते बरे झाल्यावर द्यावी. ज्यांच्या पोटात जंत अधिक असतात त्यांना गोळीनंतर क्वचित मळमळ होते, पोट दुखते. अशा मुलाला सावलीत निजवावे, पाणी द्यावे आणि त्रास न थांबल्यास आरोग्य केंद्रास कळवावे. हे पालकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवले म्हणजे दुसऱ्या दिवशी अफवा उठत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, गोळी जंत मारते, परंतु माती शुद्ध करीत नाही. औषध घेतलेले मूल त्याच अंगणात अनवाणी खेळले, तर पुन्हा बाधा होते. म्हणून पोषण आहारापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुणे, नखे कापणे, पायांत काही घालणे आणि शौचकुपाचा नित्य उपयोग करणे, या गोष्टी परिपाठाच्या वेळी सांगून भागत नाही. त्यांची सोय करावी लागते. ज्या शाळेत हात धुण्याविषयी फलक आहे पण साबण नाही, त्या शाळेतील मुले फलकापासून काय शिकतात, याचा आपणच विचार करावा. शौचकुपाला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात, असा प्रकारही माझ्या पाहण्यात आहे. ते कुलूप म्हणजे जंतांना दिलेले अभयपत्र होय.

तिसरी गोष्ट शाळेच्या वयातील लसींची. पाचव्या-सहाव्या वर्षी घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील त्रिगुणी लसीचा वर्धक डोस, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षी धनुर्वात व घटसर्प यांवरील डोस द्यावयाचा असतो. मूल पहिलीत दाखल होताना जन्मतारखेचा दाखला आपण पाहता. त्याच वेळी लसीकरणाचे कार्डही पाहावे, आणि डोस राहिला असल्यास आरोग्यसेविकेला नाव कळवावे. लसीचा प्रतिसाद उणा पडण्याची जेथे भीती असते, तेथे एकही डोस न चुकविणे हाच सर्वांत मोठा उपाय आहे. पोलिओने आपणांस हेच शिकविले. ऊसतोडणीसाठी अथवा वीटभट्टीसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांची यादी आपल्याजवळ असतेच. ते जाण्यापूर्वी ती आशा कार्यकर्तीच्या हाती दिलीत, तर आपण एखाद्या बालकाचा जीवही वाचविलेला असेल.

चौथी गोष्ट बोलण्याची. गावात लसीविषयी शंका निघाली तर ती दडपू नये. शंका घेणाऱ्याला अडाणी म्हणणे हे सोपे असते. परंतु त्यानंतर तो आपल्याकडे येत नाही, आणि त्याची शंका मात्र चावडीवर बसते. कोणतीही लस शंभरांपैकी शंभरांना तारीत नाही, हे मोकळेपणाने सांगावे. तारीत नाही त्यांतील काहींची कारणे आपल्या हातात आहेत, हेही सांगावे. जे सिद्ध झाले आहे ते सिद्ध म्हणून आणि जे अनुमान आहे ते अनुमान म्हणून सांगितले, तर गाव आपल्यावर अधिक विश्वास ठेवते, असा माझा अनुभव आहे. गणिताच्या तासाला आपण मुलांना उत्तराबरोबर रीतही लिहावयास लावता. लोकांशी बोलतानाही तीच शिस्त असावी.

शेवटी त्या गुरुजींविषयी सांगून मी माझे भाषण संपवितो. त्यांनी त्या पित्याला पुन्हा शाळेत बोलाविले. मुलगी तोपर्यंत बरी झाली होती. गुरुजींनी कार्ड त्याच्यापुढे ठेवून दुसऱ्या डोसाची रिकामी चौकट दाखविली, आणि मग वाफशाची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ त्या चौकटीकडे पाहत राहिला आणि एवढेच म्हणाला, "हे तेव्हाच सांगितलं असतंत, तर बायामाणसं रानात गेली नसती." गुरुजींनी आपली चूक मान्य केली. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी त्या चार आयांना बोलावून आणण्यासाठी तोच मनुष्य वस्तीत फिरला.

बंधुभगिनींनो, लस शीतपेटीतून येते. तिची काळजी आरोग्य खाते घेईल. परंतु ती ज्या शरीरात जावयाची असते, ते दिवसाचे पाच-सहा तास आपल्या अंगणात असते. त्या अंगणाची माती, तेथील पाणी, तेथील साबण आणि तेथे बोलला जाणारा शब्द, या चारही गोष्टी आपल्या स्वाधीन आहेत. त्या आपण नीट सांभाळाल, याविषयी मला शंका नाही.